चातुर्मासातली कॉफी

बापूशेठ गांगणांनी कॉफीचा कप ओठांपाशी नेला, क्षणभर वास घेतला, आणि न पिताच समोरच्या गालिच्यावर ठेवून दिला.

अगदी हलकेच ठेवला. आवाजसुद्धा झाला नाही. माझ्या कानांत मात्र तो वाजला.

समोर शेख गानिम बसले होते. सत्तरी ओलांडलेले, दाढी मिठासारखी पांढरी. त्या बंदराचा सगळा कारभार त्यांच्या हाती. बंदराचं आणि त्या इवल्याशा राज्याचं नाव मी लिहीत नाही, त्यातली काही माणसं अजून हयात आहेत. बापूशेठांच्या उजव्या हाताला त्यांचे मुंबईचे भागीदार मेघश्याम पाठारे. आणि दोघांच्या मध्ये, अर्धं पाऊल मागे, डोक्यावरून ओढणी घट्ट लपेटून मी, हाजरा परकार, त्यांची दुभाषी. सत्त्याऐंशीचा सप्टेंबर होता. बाहेर उन्हानं रस्त्याचं डांबर चिकट झालं होतं आणि आत चार कोपऱ्यांत चार यंत्रं गार वारा सोडत होती.

"काय झालं?" पाठारे कुजबुजले. "घ्या ना."

"चातुर्मास आहे," बापूशेठ तितक्याच हळू म्हणाले. "कॉफी सोडलीय मी."

"अहो, मग आधीच नको म्हणायचं!"

"घरच्या धन्यानं स्वतः दिली. नको कसं म्हणू? राहू दे समोर." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाजरा, त्यांना उगाच वाईट वाटायला नको. विचारलंच, तर तुला सुचेल ते सांग."

मला काय सुचणार होतं! मला एवढंच कळत होतं, की शेठांनी काय करून ठेवलंय हे शेठांना ठाऊक नाही.

मला ते नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. हर्णैच्या किनाऱ्यावर, वाळत घातलेल्या जाळ्याच्या ढिगावर बसून बाबांनी सांगितलं होतं. माझे बाबा इस्माईल तांडेल. आडनाव तांडेल आणि काम तेच, गलबत चालवायचं. हर्णैहून निघायचे ते थेट अरबांच्या बंदरांत. परत आले की खिशात खजूर आणि तोंडात गोष्टी.

"अरबाच्या घरी गेलीस तर कॉफी पिऊन टाकायची गो. पुरे झाली की कप असा दोन बोटांत धरून हलवायचा, नाहीतर तो ओततच राहील. पण न पिता खाली ठेवायचा नाही."

"ठेवला तर?"

"तर तो समजतो, पाहुणा काहीतरी मागायला आलाय. साधंसुधं नाही, जिवाला लागलेलं. मग तो विचारणार, काय हवंय? तो 'दिलं' म्हणेपर्यंत पाहुणा कपाला शिवत नाही. आणि पाहुणा तसाच उठून गेला, तर त्या घराची गावभर नाचक्की."

"मग मी खूप मागेन."

बाबा हसले होते. "एका कपावर एकच मागणं, बाय."

त्या खोलीत मी एवढंच म्हणायला हवं होतं, शेठ, कप उचला, त्याचा अर्थ वेगळा होतो. माझं काम तेच होतं, त्याचाच मला पगार होता. पण मी गप्प राहिले. कारण त्या खोलीपासून कोसभरावर, बंदराच्या जुन्या धक्क्याला बाबांचं गलबत बांधलेलं होतं. पाच महिने.

'सलामती' नाव होतं गलबताचं. एप्रिलात माल घेऊन गेलं. ज्यानं माल भरून दिला त्याचे कागद खोटे निघाले आणि तो माणूस परागंदा झाला. हाती लागले ते बाबा आणि दहा खलाशी. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले. धक्क्यावरून पुढे जायला बंदी. दोन्ही देशांच्या कचेऱ्या एकमेकींना पत्रं लिहीत होत्या. कुणी दुष्ट नव्हतं, कागद सावकाश चालत होता एवढंच. आणि त्या फळ्यांवर, त्या उन्हात, माणसं दिवस मोजत होती.

बाबांचं एक पत्र आलं होतं, दुसऱ्या गलबतावरच्या एका परतणाऱ्या खलाशाच्या हाती. 'पाणी रोज येते. पाय बरे आहेत. काळजी करू नये.' अम्मानं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "पाय बरे आहेत म्हणून कधी लिहिलं होतं काय गो ह्यानं आधी?" तेव्हापासून ती भाकऱ्या थापताना एकच ओवी म्हणायची, पुन्हा पुन्हा, पीठ संपलं तरी.

*दर्याच्या वाटेला नाही झाड, नाही पार*
*येणाऱ्याच्या साठी, सये, उघडं ठेव दार*

आणि खरंच, त्या पावसाळ्यात आमच्या घराचं दार तिनं लावू दिलं नाही.

अशात हर्णैच्या मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये मला एक कागद चिकटवलेला दिसला. 'अरबी बोलणारी व्यक्ती पाहिजे. गांगण आमरस व फळप्रक्रिया, रत्नागिरी.' लग्नानंतर सहा वर्षं मी कुवेतला काढली होती, नवरा तिथं गॅरेजात होता. बाजारातली अरबी मला मराठीसारखी यायची. चौकशी केली तर शेठ त्याच बंदरात जाणार, शेख गानिमांनाच भेटणार, त्यांच्या सरकारी कोठारांना पाच वर्षं आमरस पुरवण्याचा करार करायला. मला वाटलं, अल्लाहनं हा कागद माझ्यासाठीच चिकटवलाय. अर्जावर सासरचं नाव लिहिलं, परकार. वडिलांच्या रकान्यात नुसतं 'इस्माईल'. काम विचारलं होतं तिथं 'मासळी'. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

त्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर पाठारे बापूशेठांना म्हणाले, "एक गोष्ट आत्ताच ठरवून टाकू. इथं कुठलंसं गलबत अडकलंय, तुमच्याच भागातलं. तो विषय निघता कामा नये. सहा वर्षं मी या दारात खेटे घालतोय, शेठ. म्हातारा लहरी आहे. आपण व्यापारी, ते सरकारचं काम."

"माझ्या काय लक्षात नाही होय?"

"तसं नाही. तुमचं मन लोण्याचं. शब्द द्या मला."

बापूशेठांनी पोळीचा तुकडा मोडला. "दिला. त्या माणसांबद्दल माझ्या तोंडून एक अक्षर निघणार नाही."

मी ताट बाजूला सारलं. मी पाणी प्यायले. आणि त्या पाण्याबरोबर मनाशी गाठ मारली. शेठांच्या तोंडून निघणार नाही ना? माझ्या तोंडून निघेल. करार झाला की शेखांच्या पायाशी बसेन. नोकरी जाऊ दे, मला हाकलून देऊ दे, पण बाबांना घेतल्याशिवाय मी त्या गावातून हलणार नाही.

आणि आता हा कप. मागितला नव्हता, समोर येऊन बसला होता.

खोलीत भिंतीकडेनं आणखी पाच-सहा अरब बसले होते. त्यांची बोलणी एकेक करून थांबली. चोचीच्या किटलीतून कॉफी ओतणारा माणूस पाठाऱ्यांच्या कपात चौथ्यांदा धार धरत होता, कारण पाठाऱ्यांना कप हलवायचं माहीत नव्हतं आणि ते बिचारे दर वेळी नेटानं पीत होते. त्याचाही हात मध्येच थबकला.

शेख गानिम त्या कपाकडे बघत होते.

"माझ्या पाहुण्याची कॉफी निवतेय," ते अरबीत म्हणाले. "त्याला काय हवंय?"

"काय म्हणतात?" पाठारे.

"विचारतायत, शेठांना काय हवंय."

पाठाऱ्यांचा चेहरा फुलला. "बघा! स्वतःहून विचारलं! सांग, सांग लवकर, पाच वर्षांचा करार. आधी पहिल्या वर्षीचा माल..."

मी बापूशेठांकडे पाहिलं. ते गालिच्यावरची वेलबुट्टी बघत होते, जणू त्यांना तसलीच विकत घ्यायची होती.

"शेठ?"

"मी कशाला?" ते म्हणाले. "भाषा तुझी. तू सांग, पोरी."

मी शेखांकडे वळले. हात ओढणीत धरले. आवाज थरथरला नाही. त्याचं मला आजही नवल वाटतं.

"तुमच्या जुन्या धक्क्याला एक गलबत आहे. त्यावर अकरा माणसं आहेत. एप्रिलपासून. ज्यानं गुन्हा केला तो पळाला आणि ज्यांनी फक्त शीड ओढलं ते राहिले. माझ्या शेठांना ती अकरा माणसं हवीत. घरी न्यायला."

"हां, हां," पाठारे मान डोलावत होते. त्यांना एवढंच कळत होतं की मी बरीच बोलतेय.

शेखांनी डोळे बारीक केले. "हा आंब्याचा व्यापारी ना? खलाशांशी त्याचं काय नातं?"

या प्रश्नाचं उत्तर शेठांना विचारून द्यायला हवं होतं. मी विचारलं नाही.

"त्याच किनाऱ्याचा आहे. आणि त्या गलबताचा तांडेल माझा बाप आहे."

भिंतीकडचा कुणीतरी खाकरला. शेखांनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. मग बापूशेठांकडे. मग पुन्हा कपाकडे.

"मग हा कप तुझा असायला हवा होता," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"तुझा शेठ तुझ्या वाटणीची तहान घेऊन बसलाय, मुली." ते किंचित हसले. तरुणपणी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर काढलेल्या दिवसांतले त्यांच्याकडे चारच शब्द उरले होते, त्यातले दोन त्यांनी बापूशेठांसाठी खर्च केले. "आम... अच्छा!" मग अरबीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिलं. त्याला सांग, उचल आणि पी."

माझ्या डोळ्यांपुढचा गालिचा पाण्यात बुडाला. "शेठ," मी म्हटलं, "ते म्हणतायत, प्या."

"अहो, पण चातुर्मास!" पाठारे कळवळले. "सांग त्यांना, धर्माचं आहे म्हणून..."

"असू दे, पाठारे," बापूशेठ म्हणाले. "एवढा आग्रह करतायत." त्यांनी कप उचलला, निवलेली कडू कॉफी एका घोटात संपवली. किटलीवाला लगबगीनं पुढे आला. बापूशेठांनी रिकामा कप दोन बोटांत धरून डुगडुग हलवला आणि त्याच्या हातात दिला. किटलीवाला मागे सरला.

मी ते पाहिलं. पण त्या वेळी मला फक्त पाहता येत होतं, समजून घ्यायला जागाच नव्हती.

शेखांनी कारकुनाला बोलावून दोन वाक्यं सांगितली. तो फोनकडे गेला. मग शेख उठले, म्हणजे भेट संपली.

गाडीत बसताच पाठाऱ्यांनी हात चोळले. "मग? सही कधी?"

"सही नाही," मी म्हटलं.

"नाही? मग एवढं बोलून त्यानं दिलं काय?"

"अकरा माणसं."

गाडी दोन चौक पुढे गेली. मग पाठारे एकदम फुटले. "बापूशेठ, ऐकलंत? या बाईनं आपल्याला विकलं! सहा वर्षं! सहा वर्षं मी त्या म्हाताऱ्याचे पाय धरतोय, आणि ही... आता जाऊन सांगू या त्याला, चूक झाली म्हणून!"

"त्यांनी भर सभेत शब्द दिलाय," मी म्हटलं. "आता मागे घेणार नाहीत. आणि दुसरं मागणं या खेपेला ऐकणार नाहीत."

"बघा! बघा हिचा निगरगट्टपणा! शेठ, काढून टाका हिला. आत्ता, माझ्यासमोर."

बापूशेठ खिडकीतून बाहेर बघत होते. "हाजरा," ते म्हणाले, "उद्यापासून तू कामाला येऊ नकोस."

"बरं, शेठ."

"तिकीट उद्याचं नको. परवाचं करतो. परवा ती माणसं सुटतील बहुतेक. कुणीतरी त्यांच्या भाषेतलं समोर असलेलं बरं."

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुटली ती माणसं. धक्क्यावर बाबा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून चालत आले. पाय केळीच्या बुंध्यासारखे सुजलेले. मला पाहून आधी रागावले. "तू कशाला इथं? अम्माजवळ कोण?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. बाकीचे दहाजण तोंड फिरवून समुद्राकडे बघत उभे राहिले. आम्ही घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. अम्मा म्हणाली, "आता लाव गो, डास येतायत."

*

तीन वर्षं मी बापूशेठांच्या वाटेला गेले नाही. कानांवर येत होतं. पाठारे भागीदारीतून बाहेर पडले. तो करार तीन वर्षांसाठी दुसऱ्याच कुणाला मिळाला. शेठांनी कारखान्याचा एक भाग बंद केला. हे सगळं ऐकताना मला तो कप दिसायचा. एका भाबड्या माणसाच्या उपासाचा मी फायदा घेतला होता. त्याचं व्रत माझ्यासाठी मोडवलं, त्याचा धंदा बुडवला आणि त्याला ते कळूही दिलं नाही. बाबा घरात भिंतीला टेकून बसलेले दिसले की मी पुन्हा तेच करेन असं वाटायचं. आणि रात्रीच्या नमाजला बसले की शेठ समोर यायचे.

शेवटी एका सकाळी ठरवलं, जाऊन सांगून टाकायचं. त्यांना हवं ते बोलू दे. अम्मानं सोड्यांची पुरचुंडी बांधून दिली. "रिकाम्या हातानं माफी मागतात काय?" रत्नागिरीत उतरले तर देवळांपुढे बेलाच्या पानांच्या टोपल्या. तेव्हा लक्षात आलं, श्रावण लागलाय. आणि मी त्या माणसाकडे सुकी मासळी घेऊन चाललेय!

दार गांगणकाकूंनी उघडलं. मी पुरचुंडी पाठीमागे धरली. पण सोडे काही लपून राहणारी वस्तू नव्हे.

"काय आणलंस गो? सोडे?"

"काकू, माझ्या ध्यानातच आलं नाही. श्रावण... शेठांचा चातुर्मास..."

"कुणाचा?" काकूंनी डोळे विस्फारले. "ह्यांचा? अगो, ह्या माणसानं जन्मात कधी काय पाळलंय? आण ते इकडे. पाळते ती मी, आणि माझ्या नाकावर टिच्चून ह्यांचं मासळीचं चाललेलं असतं."

"पण कॉफी तरी सोडतात ना?"

"कॉफी!" काकू पदराआड हसल्या. "लग्नाला एकतीस वर्षं झाली. कॉफीशिवाय ह्यांचा एक दिवस उगवला असेल तर शपथ."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. आणि मला दोन बोटांत डुगडुग हलणारा कप दिसला. पाठारे चार-चार कप ढोसत होते आणि हा माणूस, ज्यानं त्यापूर्वी कधी अरबांची कॉफी घेतली नाही असं मी समजत होते, त्यानं एका हलवण्यात किटली परत पाठवली होती.

बापूशेठ ओटीवर झोपाळ्यावर बसले होते. केस पार पिकलेले. मला पाहून म्हणाले, "आलीस? बराच वेळ लावलास."

"शेठ, तुम्हाला ठाऊक होतं."

"काय?"

"कप."

झोपाळा दोनदा पुढेमागे झाला. "पंचावन्न साली मी पहिल्यांदा दर्या ओलांडला," ते म्हणाले. "पंधरा पेट्या हापूस आणि पोटात नुसती ढवळाढवळ. दहा दिवस मी ओकत होतो आणि गलबताचा तांडेल मला लिंबू चाटवत होता. त्यानंच शिकवलं, कप कधी हलवायचा आणि कधी खाली ठेवायचा. त्याला आठवत नसेल. अशी किती पोरं त्यानं पार नेली असतील."

मी समोरच्या बाकावर टेकले.

"तो कागद हर्णैलाच का लावला होता, हे तरी विचार. अर्जावर परकार लिहिलंस. नाकावर तांडेल लिहिलेलं होतं त्याचं काय?"

"मग मला काढलंत का?"

"पाठाऱ्यांना शब्द दिला होता. तुला ठेवलं असतं, तर मीच बोलायला लावलं असं झालं असतं. माझ्या तोंडून एक अक्षर निघालं का, सांग?" ते मिस्कील हसले, मग गंभीर झाले. "तुला आधी सांगितलं असतं, तर तू माझ्या सांगण्यावरून बोलली असतीस. मग तो शब्द माझाच झाला असता. तुझं तू बोललीस."

"आणि मी बोललेच नसते तर? घाबरले असते तर?"

"तर मी कॉफी न पिता बसून राहिलो असतो." त्यांनी खांदे उडवले. "बघू या म्हटलं, म्हातारा दमतो की मी."

काकूंनी कॉफी आणली. मला एक कप, त्यांना एक. जायफळाचा वास ओटीभर पसरला. मी माझा कप तोंडाला लावला. बापूशेठांनी त्यांचा उचलला, वास घेतला आणि झोपाळ्यावरून वाकून, अगदी हलकेच, माझ्या पायांपाशी शहाबादी फरशीवर ठेवून दिला.

"अहो, निवेल ती," काकू म्हणाल्या.

"निवू दे."

मी त्या कपाकडे पाहिलं. वाफ सरळ वर जात होती.

"काय हवंय, शेठ?"

"पुढल्या महिन्यात पुन्हा जायचंय त्या म्हाताऱ्याकडे. एकटा. या खेपेला फक्त आमरसच मागायचाय." ते फरशीकडे बघत म्हणाले. "दुभाषी हवी."

मला एकदम हसू फुटलं. मी ओढणीनं डोळे पुसले, ताठ बसले आणि सगळ्या ओटीला ऐकू जाईल असं म्हटलं,

"दिलं. प्या, शेठ."